१०५० टीआय की १६५०? जुना गेमिंग लॅपटॉप घेण्याआधी



बारावीचा निकाल लागला, प्रवेशाची धावपळ सुरू झाली की घरोघरी एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे लॅपटॉप. मुलगा किंवा मुलगी म्हणते, "ग्राफिक्स कार्डवाला हवा." नव्या लॅपटॉपचा आकडा ऐकून बाबा गप्प होतात, आई विचारते, "साध्यावर अभ्यास होत नाही का?" आणि मग कोपऱ्यात बसलेला कुणी मामा किंवा काका म्हणतो, "जुना बघा ना, चांगला मिळतो."

मिळतो, हे खरं आहे. दिल्लीचं नेहरू प्लेस असो, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळुरूचा एस. पी. रोड किंवा चेन्नईची रिची स्ट्रीट, जुन्या गेमिंग लॅपटॉपच्या दुकानात दोन नावं पुन्हा पुन्हा कानावर पडतात. एक, एनव्हिडियाचं जीटीएक्स १०५० टीआय. दुसरं, त्याच कंपनीचं जीटीएक्स १६५०. दोन्हींच्या पाटीवर लिहिलेलं असतं, "४ जीबी ग्राफिक्स". किमतीत मात्र पाच-सहा हजारांचा फरक सांगतात. हा फरक द्यावा का? आज त्याचाच हिशेब मांडू या. तांत्रिक भाग येईल, पण घाबरू नका, स्वयंपाकघरातून जाऊ.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. घरच्या मोठ्या कॉम्प्युटरमध्ये ग्राफिक्स कार्ड काढून दुसरं बसवता येतं. या लॅपटॉपमध्ये ते मदरबोर्डवरच डाखलेलं असतं. म्हणजे आज जे कार्ड घेतलंत, ते लॅपटॉप भंगारात जाईपर्यंत तेच. "नंतर बदलू" असं कुणी दुकानदार म्हणाला तर त्याला नमस्कार करून पुढच्या दुकानात जा. आणि याचीच दुसरी बाजू अशी की तुम्ही नुसतं कार्ड विकत घेत नाही. प्रोसेसर, पंखा, बॅटरी, स्क्रीन आणि आधीच्या मालकाच्या सवयी, हे सगळं एकत्र घेता.

आता दोघांची ओळख.

१०५० टीआय लॅपटॉपमध्ये आलं २०१७ च्या जानेवारीत. ते 'पास्कल' नावाच्या पिढीचं. १६५० आलं २०१९ च्या एप्रिलमध्ये, 'ट्युरिंग' पिढीचं. पहिल्यात हिशेब करणारे छोटे कोअर ७६८ आहेत, दुसऱ्याच्या मूळ लॅपटॉप आवृत्तीत १०२४. हे कोअर म्हणजे पोळ्या लाटणारे हात समजा. लग्नघरात सात-आठ बायका पोळ्या लाटत असतील आणि आणखी दोघी-तिघी येऊन बसल्या, तर काम लवकर उरकणारच.

कार्डाची स्वतःची मेमरी म्हणजे ओटा. दोघांचा ओटा सारखाच, ४ जीबीचा. पाटीवर तेवढंच लिहिलेलं असतं म्हणून दोन्ही कार्डं सारखी वाटतात. पण ओट्यावर सामान किती वेगानं येतं, हेही महत्त्वाचं. १०५० टीआयचा तो वेग सेकंदाला ११२ जीबी, १६५० चा १२८ जीबी. २०२० मध्ये १६५० ची आणखी एक आवृत्ती आली, तिच्यात जीडीडीआर ६ जातीची मेमरी होती. तिच्यात हा वेग १९२ जीबीपर्यंत जातो. एकाच नावाखाली दोन जातीचा माल, हे या धंद्यात नेहमीचंच.

मग फरक किती पडतो? इथं गंमत आहे. 'थ्रीडीमार्क' नावाचं एक प्रसिद्ध चाचणी सॉफ्टवेअर आहे. त्यातली 'फायर स्ट्राइक' ही जुन्या पद्धतीच्या गेमसारखी चाचणी घेतली तर १६५० साधारण पंधरा-वीस टक्के पुढे दिसतं. पण 'टाइम स्पाय' ही नव्या पद्धतीची चाचणी घेतली की तेच अंतर चाळीस टक्क्यांच्या आसपास जातं. लॅपटॉप तेच, कार्डं तीच, मग असं का?

कारण नुसते हात वाढले नाहीत, हातांची काम करण्याची पद्धत बदलली. गेम चालवताना कार्डाला दोन तऱ्हेचे हिशेब करावे लागतात, एक अपूर्णांकांचे आणि एक पूर्णांकांचे. पास्कलमध्ये एक हिशेब चालू असला की दुसऱ्यानं थांबायचं. ट्युरिंगमध्ये दोन्ही एकाच वेळी चालतात. एक जण लाटतोय तोवर दुसऱ्यानं तव्यावरची उलटायची, तसं. २०१५-१६ सालचे गेम जुन्या पद्धतीला धरून लिहिलेले होते, त्यात हा गुण फारसा दिसत नाही. नव्या गेममध्ये दिसतो. म्हणून तुमच्या घरात कोणते गेम खेळले जाणार, यावर पाच हजारांचा फरक सार्थकी लागतो की वाया जातो हे ठरतं.

जीटीए फाइव्ह, माइनक्राफ्ट, व्हॅलोरंट, जुने फिफा आणि क्रिकेटचे गेम एवढंच चालणार असेल तर सरळ सांगते, १०५० टीआय पुरतं. व्हॅलोरंटसारखा गेम तर दोन्हींवर सेकंदाला शंभरहून जास्त फ्रेम देतो, आणि तिथं अडतं ते बहुतेकदा प्रोसेसरवर, कार्डावर नाही. मित्राच्या १६५० वर एकशे साठ फ्रेम येतात आणि माझ्याकडे एकशे तीस, म्हणून रडणाऱ्या चिरंजीवांना विचारा, तुझ्या स्क्रीनचा रिफ्रेश रेट किती? या काळातल्या बऱ्याच लॅपटॉपची स्क्रीन ६० हर्ट्झची असते. ती सेकंदाला साठच चित्रं दाखवते. वरच्या फ्रेममुळे माउसचा प्रतिसाद थोडा चपळ वाटतो, पण डोळ्यांना दिसणारी चित्रं साठच.

सायबरपंक २०७७, रेड डेड रिडेम्पशन २ असले भारी गेम खेळायचे असतील तर १६५० वर सेटिंग कमी-मध्यम ठेवून निभावतं, १०५० टीआयवर ओढाताण होते. एएमडी कंपनीचं एफएसआर नावाचं तंत्र अनेक गेममध्ये मिळतं. ते चित्र आधी लहान आकारात बनवून मग मोठं करतं, त्यामुळे फ्रेम वाढतात. ते दोन्ही कार्डांवर चालतं, एनव्हिडियाची असली तरी! एनव्हिडियाचं स्वतःचं डीएलएसएस मात्र या दोन्हींवर चालत नाही, कारण त्याला लागणारे टेन्सर कोअर दोघांतही नाहीत. विक्रेता "यात डीएलएसएस आहे" म्हणाला तर तो एकतर चुकतोय किंवा फसवतोय.

आणि काही गेम असे आहेत की दोघांनीही त्यांच्या वाटेला जाऊ नये. २०२४ चा 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' किंवा २०२५ चा 'डूम: द डार्क एजेस' यांना रे ट्रेसिंग करणारं कार्ड लागतंच. रे ट्रेसिंग म्हणजे प्रकाशकिरण कुठून कुठे जातात याचा हिशेब करून सावल्या-प्रतिबिंबं काढणं. त्यासाठीची खास यंत्रणा १०५० टीआयमध्ये नाही, १६५० मध्येही नाही. तेव्हा "१६५० घेतलं की सगळे नवे गेम चालतील" या आशेवर कुणी राहू नये. ४ जीबीचा ओटाही नव्या गेमना अपुरा पडतो. ओटा भरला की सामान जमिनीवर ठेवावं लागतं, म्हणजे लॅपटॉपच्या साध्या रॅममध्ये. मग गेम मध्येच अडखळतो, भिंतींवरची चित्रं धुरकट दिसतात. यात दोन्ही कार्डं सारखीच बिचारी.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हा विषय निवडला, तिकडे येते. कारण तो दुकानात कुणी सांगत नाही.

कार्ड चालवायला ड्रायव्हर नावाचं सॉफ्टवेअर लागतं. नवा गेम आला की त्यासाठी एनव्हिडिया ड्रायव्हर सुधारून देते. पास्कल पिढीसाठी असा गेमचा शेवटचा ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये आला. त्यानंतर १०५० टीआयला फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार, त्याही तिमाहीनं, ऑक्टोबर २०२८ पर्यंत. १६५० हे ट्युरिंग पिढीचं असल्यानं या यादीत नाही, त्याला नियमित ड्रायव्हर मिळत राहिले.

याचा अर्थ १०५० टीआय उद्या बंद पडेल असा नाही. आज चालणारा गेम उद्याही चालेल. पण पुढच्या वर्षी आलेल्या गेममध्ये काही बिघाड दिसला, तर तो दुरुस्त करायला कुणी येणार नाही. जुन्या स्कूटरचे सुटे भाग कंपनीनं बनवणं थांबवलं की कसं होतं? गाडी पळते, पण पुढचा भरवसा राहत नाही. तसंच काहीसं.

दुसरा याहून मोठा अडसर विंडोजचा. विंडोज १० चा नियमित पाठिंबा मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला. घरगुती वापरासाठी सुरक्षेची मुदतवाढ आहे, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. म्हणजे विंडोज ११ वर जाणं आलं. आणि विंडोज ११ अधिकृतपणे चालायला, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो.

१०५० टीआयच्या लॅपटॉपची इथंच दोन गटांत फाळणी होते. २०१७ मध्ये आलेल्यांत बहुतेक आय फाइव्ह ७३००एचक्यू किंवा आय सेव्हन ७७००एचक्यू असायचा, म्हणजे सातवी पिढी. लिनोव्होचा लीजन वाय ५२०, डेलचा इन्स्पिरॉन ७५६७ हे त्या गटातले. २०१८ मध्ये आलेल्यांत आय फाइव्ह ८३००एच असतो, आठवी पिढी. लीजन वाय ५३०, डेल जी ३ हे त्यातले. कार्ड तेच, पण पहिल्याला विंडोज ११ चं दार अधिकृतपणे बंद आणि दुसऱ्याला उघडं. शिवाय ७३००एचक्यू चार कामं एकावेळी हाताळतो तर ८३००एच आठ. रोजच्या वापरात हा फरक कार्डाच्या फरकाइतकाच जाणवतो.

कुणी म्हणेल, सातव्या पिढीवरही युक्त्या करून विंडोज ११ टाकता येतं. येतं. दुकानदार टाकूनही देतात. पण मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी देत नाही. आणि व्हॅलोरंटसारखा गेम विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या दोन गोष्टी चालू असल्याशिवाय सुरूच होत नाही. बँकेचे व्यवहार, मुलांचे परीक्षेचे फॉर्म, आजोबांच्या पेन्शनची कामं ज्या मशीनवर होणार, ते युक्तीवर चालावं असं मला वाटत नाही.

१६५० च्या लॅपटॉपमध्ये हा घोळ सहसा नाही. त्यांत इंटेलचा नववी पिढी आय फाइव्ह ९३००एच किंवा एएमडीचा रायझन ५ ३५५०एच असतो आणि दोन्ही विंडोज ११ च्या यादीत आहेत. पुढे दहाव्या पिढीचे आणि रायझन ४६००एचवालेही आले. ४६००एचमध्ये सहा कोअर आहेत. १६५० सोबत तो मिळाला आणि लॅपटॉप नीट वापरलेला असला, तर या सगळ्या जत्रेतला तो मला सर्वांत चांगला सौदा वाटतो.

पण १६५० वाल्यांनीही हुरळून जाऊ नये, तिथंही एक मेख आहे. बारीक, हलक्या लॅपटॉपमध्ये 'मॅक्स क्यू' नावाची आवृत्ती बसवलेली असते. पूर्ण १६५० ला सुमारे ५० वॅट वीज मिळते, मॅक्स क्यूला ३५ च्या आसपास. वीज कमी म्हणजे वेगही कमी. अशा कार्डाची १०५० टीआयवरची आघाडी बरीच आटते. बारीक लॅपटॉप दिसायला देखणा असतो, कॉलेजला न्यायला सोपा असतो, पण त्यासाठी पूर्ण १६५० चा भाव देऊ नका.

अभ्यासाचं काय? आई विचारते तो प्रश्न मूळ मुद्द्याचा आहे. कॉमर्स, आर्ट्स, साधं कोडिंग, वर्ड-एक्सेल, ऑनलाइन क्लास यांना यातलं कुठलंच कार्ड लागत नाही. त्या पैशात ऑफिसमधून निघालेला, चांगल्या स्थितीतला बिनाकार्डाचा लॅपटॉप येतो. तो हलका असतो आणि बॅटरीही जास्त वेळ पुरते. ऑटोकॅडची साधी ड्रॉइंग दोन्ही कार्डांवर छान चालतात. ब्लेंडरमध्ये थ्रीडी शिकणाऱ्याला १६५० चा फायदा स्पष्ट दिसेल. व्हिडिओ एडिटिंग शिकणाऱ्याला कार्डापेक्षा आधी १६ जीबी रॅम आणि एसएसडी महत्त्वाची. एक बारीक गोष्ट अशी की व्हिडिओ एन्कोड करणारा भाग १६५० च्या मूळ चिपमध्ये ट्युरिंगचा नवा नसून आधीच्या पिढीचाच आहे. त्यामुळे नुसतं गेम रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायचं असेल तर त्या कामात दोघांमध्ये फार अंतर नाही.

एआय, मशीन लर्निंग शिकायचंय म्हणून कार्ड हवं, असं हल्ली सगळीच मुलं सांगतात. बाबांना पटवायला शब्द चांगला आहे! इथं वस्तुस्थिती अशी. एनव्हिडियाच्या कुडा या सॉफ्टवेअरची १३ वी आवृत्ती २०२५ मध्ये आली आणि तिनं पास्कल पिढीचा पाठिंबा काढून टाकला. म्हणजे १०५० टीआयवर जुन्या आवृत्तीवरच अडकून राहावं लागेल. १६५० वर नवी चालते. पण ४ जीबीत मोठं काही मावत नाही, प्राथमिक धडे गिरवता येतात एवढंच. त्यापेक्षा गूगल कोलॅब ब्राउझरमध्ये उघडा. तिथं टी ४ नावाचं १६ जीबीचं कार्ड फुकट वापरायला मिळतं, मर्यादित वेळ आणि उपलब्ध असेल तेव्हा. टी ४ हे १६५० च्याच ट्युरिंग पिढीचं, पण टेन्सर कोअर असलेलं मोठं भावंड. तेव्हा फक्त एआयसाठी म्हणून जुना गेमिंग लॅपटॉप घेऊ नका. मुलांनो, रागावू नका, पण खरं ते सांगायला हवं.

आता पैशांचा हिशेब. भाव शहरागणिक, दुकानागणिक बदलतात, म्हणून उदाहरणादाखल आकडे धरू. समजा आठव्या पिढीचा १०५० टीआयवाला २४ हजारांना सांगितला आणि नवव्या पिढीचा १६५० वाला ३० हजारांना. किमतीतला फरक पंचवीस टक्के. वेगातला फरक गेमनुसार पंधरा ते चाळीस, मध्यावर धरला तर पंचवीस-तीस टक्के. म्हणजे नुसत्या वेगाचा विचार केला तर सौदा जवळपास बरोबरीत सुटतो. पण ड्रायव्हरची वर्षं आणि लॅपटॉपचं कमी वय हिशेबात घेतलं की पारडं १६५० कडे झुकतं. माझं मत विचाराल तर १६५० साठी पाव हिस्सा जास्त द्यायला हरकत नाही. एक तृतीयांश जास्त मागत असेल तर घासाघीस करा. त्याहून जास्त मागितले तर त्याच पैशात आणखी थोडी भर घालून आरटीएक्स २०५० किंवा ३०५० वाला मिळतो का ते बघा. त्यात डीएलएसएस आणि रे ट्रेसिंग दोन्ही असतं.

सातव्या पिढीचा १०५० टीआयवाला २० हजारांना म्हणून समोर ठेवतील. स्वस्त वाटेल. त्यात बहुतेकदा जुनी फिरती हार्ड डिस्क आणि ८ जीबी रॅम असते. एसएसडी टाकायची, रॅम वाढवायची, आणि २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चांगलेच चढलेत. हे सगळं केल्यावर आकडा आठव्या पिढीच्या जवळ जातो आणि विंडोज ११ चा प्रश्न तसाच राहतो. हा लॅपटॉप मी कुणालाही सुचवणार नाही. अपवाद एकच, ज्यांना लिनक्स वापरायची सवय आहे आणि कमी पैशात शिकायचं आहे अशी मंडळी. त्यांना माझ्या सल्ल्याची गरजही नाही.

रॅमवरून आठवलं. ८ जीबीची एकच पट्टी असलेला लॅपटॉप आणि दोन पट्ट्यांचा लॅपटॉप, कार्ड तेच असलं तरी गेममध्ये वेगळे वागतात. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला रॅममधून सामान दोन दारांनी मिळतं. १६ जीबी, दोन पट्ट्या आधीच बसवलेल्या असतील तर त्यासाठी हजार-दीड हजार जास्त गेले तरी चालतील.

आता दुकानात गेल्यावर काय तपासायचं? आधी नाव. "४ जीबी ग्राफिक्स" हे नाव नव्हे. साधं जीटीएक्स १०५० सुद्धा ४ जीबीत येतं, आणि ते टीआयपेक्षा कमी ताकदीचं, ६४० कोअरचं. एमएक्स मालिकेतली तर आणखी हलकी. कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये जाऊन जीपीयूवर टिचकी मारा, वरच पूर्ण नाव दिसेल. खाली 'डेडिकेटेड' मेमरी ४ जीबी आणि 'शेअर्ड' मेमरी ४ किंवा ८ जीबी दिसेल. काही विक्रेते या दोन्हींची बेरीज करून "१२ जीबी ग्राफिक्स" म्हणून खपवतात. शेअर्ड म्हणजे लॅपटॉपची साधी रॅम, कार्डाची नव्हे. मोजायची ती फक्त डेडिकेटेड.

जीपीयू झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर घेऊन जा. ते बसवावंही लागत नाही. मेमरी जीडीडीआर ५ की ६, कोअर किती, हे सगळं एका खिडकीत दिसतं. मग 'हेवन' नावाची फुकट चाचणी लावून वीस मिनिटं चालू ठेवा, आणि दुकानदाराशी गप्पा मारा, चहा घ्या. जीपीयू झेडमध्ये तापमान बघत राहा. या लॅपटॉपमध्ये कार्ड ऐंशी अंशांच्या आतबाहेर असणं साहजिक आहे. नव्वदीकडे सरकलं आणि फ्रेम घसरायला लागल्या, तर पंख्यात धूळ आहे किंवा आतली थर्मल पेस्ट वाळली आहे. नागपूर, दिल्ली, हैदराबादच्या उन्हाळ्यात बिनाएसीच्या खोलीत हाच लॅपटॉप आणखी तापेल. पेस्ट बदलून, पंखे साफ करून द्या असं ठणकावून सांगा, किंवा तेवढे पैसे कमी करून घ्या. वीस मिनिटं चालवू देत नसेल तर तो लॅपटॉप घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी.

बॅटरीसाठी स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा. तिथं पॉवरसीएफजी असं इंग्रजीत लिहा, एक जागा सोडा, तिरकी रेघ द्या आणि तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट लिहून एंटर मारा. एक फाइल तयार होते. तिच्यात बॅटरी नवी असताना किती क्षमतेची होती आणि आता किती उरली, हे दोन्ही आकडे मिळतात. निम्म्याहून कमी उरली असेल तर बॅटरीचा खर्च आजच किमतीतून वजा करून बोलणी करा.

आणि चार्जर हातात घेऊन वाचा. हे लॅपटॉप साधारण १२० ते १५० वॅटच्या चार्जरवर चालतात. मूळ चार्जर हरवून त्याजागी ६५ वॅटचा कुठला तरी जोडून देतात. त्यावर लॅपटॉप सुरू होतो, दुकानात सगळं ठीक दिसतं, पण घरी गेम लावला की कार्डाला वीज पुरत नाही आणि १६५० सुद्धा रांगायला लागतं. वीस मिनिटांची ती चाचणी त्याच चार्जरवर घ्या, जो तुम्हाला मिळणार आहे.

ऑनलाइन जाहिरात बघून अनोळखी माणसाकडून घेत असाल तर आगाऊ पैसे पाठवू नका. मूळ बिल मागा आणि बिलावरचा सिरियल नंबर लॅपटॉपच्या तळाशी छापलेल्या नंबराशी जुळवा. दुकानातून घेत असाल तर जीएसटीचं बिल आणि वॉरंटी किती दिवसांची ते त्याच बिलावर लिहून घ्या. तोंडी "सहा महिने बघा काही होणार नाही" याला अर्थ नसतो. बिलावर फक्त "लॅपटॉप, एक नग" न लिहिता मॉडेल, प्रोसेसर आणि कार्डाचं पूर्ण नाव लिहायला सांगा, टीआयसकट.